बारा नंबरचं दार

पहिल्या वर्षाच्या मुलींना हॉस्टेलं दाखवायचा दिवस असला की मावशी सकाळीच जिना दोनदा पुसून घ्यायच्या आणि मग कडेला उभं राहून पाहुण्यांची मजा बघायच्या. आईबाप विद्यापीठाची छापील पत्रकं हातात घेऊन यायचे. वडील मंडळी नळ सोडून बघायची, भिंतीवर टकटक करायची, गादी दाबून बघायची. मुलीला नव्हे, त्यांनाच तिथे अख्खं वर्ष काढायचं असावं असा थाट. आया बाथरूममध्ये डोकावून नाक मुरडायच्या. मुली मोबाइलला रेंज कुठे येते तेवढं बघायच्या आणि गप्प राहायच्या. सगळं बघून झालं की एखादी आई हळूच मागे रेंगाळायची, मावशींच्या कोपराला हात लावायची आणि विचारायची, "मावशी, अगदी खरं सांगा हं. तिन्हींतलं चांगलं कोणतं?"

खरं सांगताना मावशींनी कधी कोणाची भीड ठेवली नाही. बावीस वर्षं त्या लाल इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर झाडू-पोछा करत होत्या, चादरी बदलत होत्या, खोल्यांच्या किल्ल्या सांभाळत होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी आवारात तीन हॉस्टेलं. लाल इमारत सगळ्यात जुनी. खोली एकेकीला एक, पण एवढीशी की पलंगावर बसून कपाट उघडता येतं. बाथरूम पार टोकाला, त्यामुळे अंघोळीला जायचं तर टॉवेल खांद्यावर टाकून अख्ख्या व्हरांड्याला दर्शन देत जायचं. दुसरी मधली इमारत. तिच्यात वाईट काही नाही आणि सांगण्यासारखंही काही नाही. तिसरी काचेची. तिला लिफ्ट, प्रत्येक खोलीला आतून बाथरूम, कार्ड टेकवलं की उघडणारी आणि हात सोडला की आपोआप मिटणारी दारं. पत्रकावर फोटो अर्थातच हिचा.

मावशी म्हणायच्या, "काचेची बघायला चांगली, लाल राहायला चांगली." आणि मग कारण सांगायच्या. कारण म्हणजे दार.

त्या नोकरीला लागल्या त्या वर्षी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत एक मुलगी होती. तिचं दार सदा बंद. मावशी रोज त्या दारापर्यंत पुसत जायच्या आणि तिथून मागे फिरायच्या. महिन्याभरात मुलगी शिक्षण सोडून घरी गेली. सामान न्यायला तिचे वडील आले, तेव्हा त्यांनी शेजारच्या खोल्यांत विचारलं की हिची मैत्रीण कोण होती. एकीलाही तिचं नाव माहीत नव्हतं. मावशींना त्या दिवशी घास गोड लागेना. नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा विद्यापीठातच सुतार, मुलखाचा अबोल. त्याने ऐकून घेतलं, हूं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कामावरच्या उरल्यासुरल्या लाकडातून केलेल्या चोवीस पाचरी पिशवीतून घेऊन आला. प्रत्येकीवर खोलीचा नंबर कोरलेला. दाराखाली सरकवली की दार उघडं राहतं, वाऱ्यानेसुद्धा हलत नाही.

तेव्हापासून तो मावशींचा रिवाजच झाला. नवी मुलगी आली की तिच्या दाराखाली स्वतःच्या हाताने पाचर सरकवायची आणि सांगायचं, "बाळा, पंधरा दिवस दार लावू नकोस. कपडे बदलताना लाव, झोपताना लाव, एरवी नाही. येताजाता कोणीतरी डोकावेल. पंधरा दिवस झाले की मग तुझं तू बघ." मुली हसायच्या, पण ऐकायच्या. संध्याकाळी व्हरांड्यात चोवीस दारांतून चोवीस दिवे बाहेर पडायचे. कोणी कोणाकडे इस्त्री मागायचं, कोणी उगाच पाय ओढत फिरायचं. वर्ष संपलं की मावशी पाचरी गोळा करून धुऊन उन्हात वाळवायच्या. दुसऱ्या मजल्यावरून पुन्हा कधी कोणी शिक्षण सोडून गेलं नाही, आणि हे त्या कोणी न विचारताही सांगायच्या.

सुतार सहा वर्षांपूर्वी गेला. सकाळी छातीत कळ आली म्हणून बसला तो बसलाच. लेक तेव्हा बारा वर्षांची. तिला घरात ठकू म्हणत. मावशी नवऱ्याच्या जाण्यानंतर रडल्या नाहीत, चौथ्या दिवशी कामावर हजर झाल्या. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. घट्ट नसून काय करणार होत्या? कर्मचाऱ्यांचं ते एका खोलीचं घर, मधे एक पडदा, पडद्यापलीकडे लेक. इकडे हुंदका दिला असता तर तिकडे ऐकू गेला असता.

ठकूला याच विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मावशींचे पाय जमिनीवर ठरेनात. ज्या जिन्यावर आपण गुडघे टेकले तो लेक चढणार, हे त्यांनी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. पहिल्या वर्षाला हॉस्टेलातच राहिलं पाहिजे असा विद्यापीठाचा नियम होता, मग घर आवारात असो नाहीतर दहा पावलांवर. मावशींना तो नियम एकदम शहाणपणाचा वाटला.

अर्जावर तीन हॉस्टेलं पसंतीच्या क्रमाने लिहायची होती. ठकूने वहीत रीतसर तक्ता केला. वर तिन्ही इमारतींची नावं, बाजूला लिफ्ट, बाथरूम, वाचनालयापासूनचं अंतर, आवाज. सगळ्यात शेवटी एक शब्द, दार. त्या ओळीत लाल इमारतीपुढे फुली आणि काचेच्या इमारतीपुढे बरोबरची खूण.

"हे काय गं?" मावशी चष्मा लावून म्हणाल्या. "उलटं झालंय. लालची दारं उघडी असतात, काचेच्या इमारतीची आपोआप मिटतात."

"हो, माहितीये."

"मग? तेच तर वाईट! तुला मी इतकी वर्षं काय सांगत आलेय?"

ठकूने वही मिटली. "आई, मला काचेची हवीये."

"अगं, काचेला काय चाटायचंय? तिथे मेलीस तरी शेजारणीला पत्ता लागणार नाही."

"मला ती हवी," एवढंच ठकू पुन्हा म्हणाली. बापाच्या वळणावर गेलेली, दोन वाक्यांच्या वर तिसरं नाही. अर्जावर तिने पहिली पसंती काचेची लिहिली, दुसरी मधली. लाल इमारत तिसरी.

आता इथे मावशींनी जे केलं ते काही चोरीमारी नव्हती. निदान त्यांना तरी तसं वाटलं नाही. खोल्या वाटणारे एक वयस्क कारकून होते. त्यांना सगळे यादीकाका म्हणत. त्यांच्या टेबलाचे अडकणारे ड्रॉवर सुतार वर्षानुवर्षं नीट करून देत आला होता. मावशी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"पोरीने काचेची लिहिली आहे, साहेब. पोर आहे, चमक बघून भुलली. तुम्ही तिला लालमध्ये टाका. माझ्या मजल्यावर, बारा नंबर."

"पसंती तिची आहे, बाई. माझ्या हातात काय आहे?"

"तुमच्याच हातात आहे. आणि मी तिची आई आहे. बावीस वर्षं तिन्ही हॉस्टेलं बघतेय. माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळतं सांगा."

यादीकाकांनी चहाचा घोट घेतला, ड्रॉवर उघडला, तो अलगद उघडला, आणि ते मान हलवत म्हणाले, "बरं. बघतो."

यादी लागली. ठकूचं नाव लाल इमारत, दुसरा मजला, बारा. तिने बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "नशीब." मावशी लगेच बारा नंबरची किल्ली आणायला वळल्या.

बारा नंबरची खोली त्यांनी अशी तयार केली की कुलगुरूंनी येऊन राहावं. न कुरकुरणारा पलंग पाच नंबरातून उचलून आणला. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडकीची काच वर्तमानपत्राने पुसली, दाराखाली नवऱ्याने केलेली बारा नंबरची पाचर सरकवली. ठकू बॅग घेऊन आली तेव्हा त्या गमतीने म्हणाल्या, "इथे मला मावशीच म्हण हं. नाहीतर बाकीच्या म्हणतील हिचे लाड चाललेत."

ठकूने मान डोलावली. आणि तिने ते पाळलं. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मुलींच्या घोळक्यातून जाताना ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, जरा जाऊ द्या ना." येता-जाता सगळं अहो-जाहो. मावशींनीच सांगितलेलं, मग तक्रार कोणाकडे करायची? त्या हसल्या आणि बादलीकडे वळल्या.

पंधरा दिवस तेवीस दारं उघडी होती आणि बारा नंबर बंद. रोज सकाळी पाचर दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. रोज मावशी ती उचलून, दार वाजवून, आत सरकवून यायच्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाहेर. मावशी पुसत पुसत त्या दारापाशी आल्या की उगाच तिथली फरशी जास्त वेळ घासायच्या. आतून पान उलटल्याचा आवाज आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. काहीच आवाज आला नाही की टोकाच्या खोलीतली ती पहिली मुलगी आठवायची. दिवसातून चार वेळा त्यांना त्या व्हरांड्यात काहीतरी काम निघायचं.

पहिली सहामाही संपत आली तेव्हा ठकू हॉस्टेल बदलून मागायला यादीकाकांकडे गेली. काचेच्या इमारतीत एक खोली रिकामी झाली होती. यादीकाका भले गृहस्थ, पण पोटात काही न राहणारे. म्हणाले, "अगं, तुला तेव्हाच मिळत होती. तुझ्या आईनेच येऊन बदलून घेतली."

मावशी चादरींच्या खोलीत घड्या घालत होत्या. ठकू आत आली, आणि तिने मागचं दार लावून घेतलं.

"आई." चार महिन्यांनी त्या इमारतीत तिने हा शब्द उच्चारला. "तू बदललीस?"

मावशींनी चादर खाली ठेवली. "तुझ्या भल्यासाठी गं."

"तुला माहीत होतं मला काय हवंय."

"तुला लिफ्ट हवी होती, आतलं बाथरूम..."

"मला दार हवं होतं!" ठकूचा आवाज चिरकला. "आपल्या घरात आतलं एक तरी दार आहे का, आई? पडदा आहे. पडदा म्हणजे दार नव्हे. मी कूस बदलली तरी तू 'काय झालं गं' विचारतेस. बाबा गेले तेव्हा मी कुठे रडले माहितीये तुला? पाण्याच्या टाकीमागे. वॉचमन आला म्हणून तिथूनही उठले. तेव्हापासून वाट बघत होते, की हॉस्टेल मिळेल, दार लावेन, आणि बाहेर माझ्यासाठी कोणी उभं नसेल. आणि इथे तू रोज दाराबाहेर. फरशी घासतेस. मला ऐकू येतं ना."

मावशींच्या तोंडून जे निघालं ते चुकीचंच निघालं. "मग मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. अर्जावर लिहिलं होतं," ठकू म्हणाली. "तू खोडलंस."

ठकूने डोळे पुसले आणि जाता जाता पुन्हा खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा म्हणाले होते, तुला फळ्या ठोकून खोली करून देतो. भिंतीवर मापंसुद्धा काढली होती त्यांनी. त्यावर तू कपाट सरकवलंस."

खोली सोडताना मजल्याच्या बाईने समोर उभं राहून यादी तपासायची असते. बारा नंबरची यादी तपासायला दुसरं कोण येणार? पलंग, एक. गादी, एक. टेबल, खुर्ची. मावशी वाचत गेल्या, ठकू हो म्हणत गेली. काच फुटलेली नाही. भिंतीवर खिळे नाहीत. किल्ली परत. ठकूने सही केली, खाली मावशींनी केली. पाचर काही सरकारी यादीत नव्हती. ठकूने ती खिडकीतून उचलली, अंगठ्याने कोरलेल्या आकड्यावरची धूळ पुसली आणि आईच्या हातात दिली.

"बाबांची आहे. तूच ठेव."

मावशींनी बॅग उचलायला हात पुढे केला, पण ठकूने ती आधीच खांद्याला लावली होती.

काचेच्या इमारतीची साफसफाई एका कंपनीकडे होती. मावशींचं कार्ड तिथे चालत नव्हतं. एकदा त्या स्वेटर द्यायला गेल्या. पहारेकऱ्याने विचारलं, "कोण तुम्ही मुलीच्या?" आणि काय सवय असते बघा, त्यांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मावशी." त्याने स्वेटर ठेवून घेतला. ठकू रविवारी घरी येईन म्हणाली होती. दोन रविवार आली, मग परीक्षा, मग प्रकल्प, मग नुसताच फोन. फोनवर ती नीट बोलायची, उलट पूर्वीपेक्षा गोड. तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, अभ्यास छान चालला होता. मावशींचं बावीस वर्षांचं शास्त्र त्या पोरीने एका सहामाहीत मोडीत काढलं होतं, आणि त्याचा आनंद त्यांना धड मानताही येत नव्हता.

अशाच एका रिकाम्या रविवारी त्यांनी एकटीने रेटून कपाट बाजूला केलं. मागे भिंतीवर पेन्सिलच्या रेघा होत्या. दोन उभ्या, एक आडवी, आणि शेजारी नवऱ्याच्या अक्षरात मापं. आडव्या रेघेवर लिहिलं होतं, 'ठकू मोठी झाल्यावर वाकायला नको.' मावशी किती वेळ ते वाचत उभ्या राहिल्या कोण जाणे. कपाट इथे सरकवलं तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. नवरा जाऊन आठवडा झाला होता आणि त्या रेघा त्यांना बघवत नव्हत्या. पोरीचा त्या रेघांवर जीव असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी विद्यापीठाच्या नव्या सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, पोर हॉस्टेलवर, तुम्ही एकट्या. आता घराचे दोन तुकडे कशाला?" त्यांनी त्याला मापं दाखवली आणि म्हणाल्या, "एवढंच करायचं. यात इंचाचा फरक नको." आठ दिवसांत फळ्यांची भिंत उभी राहिली, चौकट बसली, दार लागलं. आतून कडी. पडदा त्यांनी धुऊन घडी करून ठेवला.

पुढच्या साली हॉस्टेलं दाखवायचा दिवस आला. जिना पुसला. वडील मंडळींनी भिंतींवर टकटक केली, आयांनी नाकं मुरडली. शेवटी एक आई रेंगाळली आणि तिने कोपराला हात लावला. "मावशी, खरं सांगा. कोणतं चांगलं?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं नाही. मागे उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "बाळा, घरी तुला तुझी खोली आहे?"

मुलगी आईकडे बघत म्हणाली, "नाही. आम्ही पाच जण आहोत."

"मग तुला कोणतं हॉस्टेल आवडलं?"

मुलीने मान खाली घातली आणि हलकेच काचेच्या इमारतीकडे बोट केलं. आई लगेच म्हणाली, "अहो, पण तिथे ही एकटी पडेल ना!"

"तिला एकदा पडू द्या," मावशी म्हणाल्या, आणि बादली उचलून टोकाकडे गेल्या.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी ठकू आली. दारातच थबकली. नव्या फळ्यांचा वास घरभर होता. ती हळूहळू चौकटीपाशी गेली आणि सुताराच्या मुलीने करावं तसं दार दोनदा उघडून-मिटून बघितलं. कडी सरकवून बघितली. मग आडव्या फळीखाली ताठ उभी राहिली. डोक्यावर चार बोटं जागा उरली.

"बाबांच्याच मापाने केलंयस," ती म्हणाली.

"हो. तू राहायला आलीस की..."

ठकूने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, येत्या उन्हाळ्यात मला बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालंय. दोन महिने. तिथेच राहायची सोय आहे. आणि पुढच्या वर्षी आम्ही तिघी मिळून बाहेर खोली घेतोय." दाराकडे बघत ती म्हणाली, "छान झालंय गं दार. खरंच."

तिने चहा घेतला, कप विसळून ठेवला, आईला मिठी मारली आणि उजेड असतानाच निघाली. मावशी रस्त्यापर्यंत गेल्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

मग त्या आत आल्या. फडताळातून बारा नंबरची पाचर काढली. नव्या दाराखाली सरकवायला वाकल्या, आणि तशाच थांबल्या. पाचर हातातच ठेवून त्या त्या छोट्या खोलीत गेल्या. पलंग नव्हता, टेबल नव्हतं, भिंतीवर दोन उभ्या रेघा आणि नवऱ्याचं अक्षर. घरात दुसरं कोणीही नव्हतं. तरी त्यांनी मागे वळून दार ओढून घेतलं, आतून कडी लावली, आणि सात वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.